दार घासलं तिथून सुरुवात: १९६५च्या गंजलेल्या बीटलचं घरी हाती घेतलेलं काम

मामांची १९६५ची फोक्सवॅगन बीटल आमच्याकडे आली, तेव्हा ती १९ वर्षं शेडमध्ये एकाच जागी उभी होती. चारही टायर बसलेले, मागचं डावं चाक जाम, रंगाला पोपडे, आणि दार उघडलं की ओल्या सीटचा कुबट वास. चावी देताना मामा एवढंच म्हणाले, "चालू झाली तर आनंदच आहे. नाही झाली तर निदान आहे त्याहून वाईट करू नका." पुढच्या चार महिन्यांत हे वाक्य आम्हाला अनेकदा आठवलं. जुनी गाडी घरी दुरुस्त करायला घेणाऱ्यांच्या हातून बहुतेक वेळा नेमकं हेच होतं. गंजाने जेवढं नुकसान केलेलं नसतं, तेवढं पहिल्या महिन्यातल्या उत्साहाने होतं.

हे प्रकरण त्या चार महिन्यांचं आहे. गाडी अजून रस्त्यावर आलेली नाही. कामाची सुरुवात कशी झाली, कुठे चुकली आणि कशी सावरली, एवढंच इथे मांडतो.

कामाला दोघंच होतो, मी आणि माझी मोठी बहीण. ताईचा हात पत्र्याच्या कामावर बसलेला आहे, वेल्डिंग तिला उत्तम येतं. मला इंजिनाचं वेड. पहिल्या रविवारी आमचं जमलं नाही ते इथेच. मला इंजिन उतरवायचं होतं. बीटलचं इंजिन मागे असतं आणि मुख्यतः चार बोल्टांवर गिअरबॉक्सला धरलेलं असतं. केबल, वायरी, पेट्रोलची नळी आणि हीटरच्या नळ्या सोडवल्या की ते खाली घेता येतं. ११९२ सीसीचं, ३४ अश्वशक्तीचं, हवेवर थंड होणारं. रेडिएटर नाही, पाणी नाही. हात शिवशिवणारच. ताई म्हणाली, "अरे, इंजिन कुठे पळून जातंय? आधी गाडी कशावर उभी आहे ते बघू."

गाडी कशावर उभी असते

बीटलची रचना समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. मधोमध पोलादी बोगद्यासारखा एक कणा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना तळाच्या पत्र्याचे दोन अर्धे भाग जोडलेले असतात. या सांगाड्यावर वरची बॉडी बोल्टांनी बसवलेली असते. बॉडीच्या खालच्या कडेला, दारांच्या उंबऱ्याखाली, दोन्हीकडे एकेक पोकळ पेटीसारखी पट्टी जाते. तिला हीटर चॅनल म्हणतात, कारण इंजिनाकडची गरम हवा याच पोकळीतून पुढे पायांकडे आणि काचेकडे जाते.

नाव ऐकून वाटतं, ही फक्त हवेची नळी आहे. पण दाराच्या पुढचा खांब, मागचा खांब आणि तळ या सगळ्यांना बांधून ठेवते ती हीच. ती आतून सडते. बाहेरून रंग असतो, खाली डांबरी लेप असतो, आत मात्र गारठलेल्या पत्र्यावर दमट हवेचं पाणी होतं आणि तिथेच बसून राहतं. म्हणून या गाडीचा चकचकीत रंग पाहून तिची तब्येत कळत नाही.

दुसरी हमखास जागा मागच्या सीटखाली. या गाडीत बॅटरी तिथे असते. आम्लाचे थेंब वर्षानुवर्षं तळावर पडतात आणि पत्रा कागदासारखा होतो. आमच्या गाडीत बॅटरीखालच्या भोकातून जमीन दिसत होती. (बॅटरीवरचं झाकण जागेवर आहे ना, हे जुन्या बीटलमध्ये आवर्जून बघावं. झाकण नसेल आणि मागे कुणी वजनदार बसलं, तर सीटच्या स्प्रिंग बॅटरीच्या टोकांना टेकून आग लागू शकते.)

जॅक लावला तो दिवस

उंबऱ्याखाली कंपनीने जॅकसाठी दिलेली जागा असते. मी तिथे जॅक लावला आणि चार-पाच वेळा दांडा फिरवला. गाडी उठली नाही, जॅकच वर घुसला. आतून करकरल्यासारखा आवाज आला आणि भुगा झालेला गंज मूठभर खाली सांडला.

जॅक काढून आम्ही तो मागच्या टॉर्शन बारच्या (मागच्या चाकांना स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्यांच्या) जाड नळीखाली लावला. तिथला लोखंडाचा भाग भक्कम होता. गाडी उठली, खाली स्टँड लावले. मग ताईने ड्रायव्हरकडचं दार उघडलं आणि ते लागेना. वरच्या मागच्या कोपऱ्यात घासत होतं. अर्ध्या तासापूर्वी तेच दार व्यवस्थित लागलेलं आम्ही दोघांनी पाहिलं होतं. गाडी खाली घेतली, दार लागलं. पुन्हा उचलली, पुन्हा घासलं. ताईने फट मोजली. चाकांवर असताना ५ मिलिमीटर, उचलल्यावर २.

ही ३ मिलिमीटरची तफावत हा या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. ज्या पट्टीने दाराची चौकट ताठ ठेवायची, ती पट्टी उरलेलीच नव्हती. चौकट फक्त छत आणि दोन खांबांच्या जोरावर उभी होती. त्या रविवारी मी इंजिन उतरवून, दारं काढून, 'सोपं आहे' म्हणून बॉडीचे बोल्ट सोडवून बॉडी उचलली असती, तर ती मधूनच वाकली असती. वाकलेल्या बॉडीत नवीन पत्रा जोडला की वाकणं कायमचं होतं. मग दारं कधीच बसत नाहीत, काच तडकते, आणि चूक कुठे झाली हेही सापडत नाही.

त्या संध्याकाळी ठरलं की आकार धरून ठेवणाऱ्या भागांचा निकाल लागेपर्यंत एकही गोष्ट कापायची नाही.

दाभण, लोहचुंबक आणि खडू

पुढचे तीन आठवडे आम्ही नुसती तपासणी केली. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं की काम बंद आहे.

गंज तीन प्रकारचा असतो आणि डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने निघतो आणि खाली लखलखीत लोखंड लागतं. दुसऱ्यात खड्डे पडलेले असतात, पत्रा पातळ झालेला असतो, पण अजून पत्रा असतो. तिसऱ्यात पत्रा संपलेला असतो आणि जागेवर फक्त गंजाचा आकार असतो. फरक हाताने कळतो. छोट्या हातोडीने ठोकत जायचं, धडधाकट पत्रा टणटण वाजतो, सडलेला भद्द वाजतो. जिथे भद्द आवाज येतो तिथे दाभण टोचायचं. आपण ज्याला नीट जागा समजत होतो तिथे दाभण मुठीपर्यंत आत जातं, तेव्हा वाईट वाटतं. पण ते आजच वाटलेलं बरं.

बाहेरच्या बाजूला लोहचुंबक फिरवला. पत्र्यावर तो घट्ट चिकटतो, लांबी (खड्डे बुजवायचा लेप) भरलेल्या जागी सुटतो. डाव्या मागच्या मडगार्डशेजारी तळहाताएवढ्या भागात तो चिकटलाच नाही. कुणीतरी कधीतरी गंजावरच लांबी थापून रंग मारला होता. गंजलेलं लोखंड मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं, म्हणून अशी लांबी काही काळाने आतून ढकलली जाते आणि फुगवटा येतो. रंगाखालचा फुगवटा म्हणजे आत काम चालू असल्याची खूण. दोन पत्र्यांच्या सांध्यातही तेच होतं. गंज पाचरीसारखा आत शिरतो आणि सांधा उकलतो.

सापडलेली प्रत्येक जागा खडूने गाडीवर आणि वहीतल्या चित्रावर रंगवली. हिरवा म्हणजे घासून रंगवायचं, पिवळा म्हणजे गंज काढून जाडी बघायची, लाल म्हणजे बदलायचं. दोन्ही हीटर चॅनल टोकापासून टोकापर्यंत लाल झाले. तळाच्या पत्र्याचा डावा अर्धा भाग लाल, उजवा बहुतेक पिवळा. पुढच्या मडगार्डांच्या आतली बाजू, सुटं चाक ठेवतात तो खळगा आणि पेट्रोलच्या टाकीभोवतालचा पत्रा बहुतांशी हिरवा. कण्याचं पुढचं टोक, जिथे पुढच्या चाकांचा आडवा जोड चार बोल्टांनी बसतो, तेही हिरवंच निघालं. ते लाल निघालं असतं तर आम्ही बहुधा काम हाती घेतलं नसतं.

मग कणा सरळ आहे का ते पाहिलं. गाडी स्टँडवर समतल करून खालच्या ठरावीक बोल्टांपासून ओळंबा सोडला आणि फरशीवर खडूच्या खुणा केल्या. गाडी ढकलून बाजूला घेतली आणि खुणांमधले दोन्ही कर्ण मोजले. फरक २ मिलिमीटरचा. कण्यावरून ताणलेली सुतळीही सरळ होती. म्हणजे गाडीला कधी जबर धडक बसलेली नव्हती आणि पाया धरून पुढे जाता येत होतं. एवढी महत्त्वाची माहिती इतक्या साध्या साधनांनी मिळते, याचं मला अजून नवल वाटतं.

दोन रस्ते

पहिला रस्ता म्हणजे बॉडी पूर्ण उचलायची, सांगाडा वेगळा करून नवा करायचा आणि शेवटी दोन्ही जोडायचे. काम मोकळेपणाने होतं, खालचा प्रत्येक कोपरा हाताशी येतो, निकाल सर्वांत चांगला येतो. पण बॉडी महिनोन्‌महिने वेगळी ठेवायला दुप्पट जागा लागते, आणि आमच्या बॉडीला उचलण्याइतका ताठपणाच नव्हता.

दुसरा रस्ता म्हणजे बॉडी जागेवरच ठेवायची, आतून आधार बांधायचे आणि एका वेळी एकच बाजू करायची. यात अडचण पुष्कळ. पाठीवर झोपून वेल्डिंग करावं लागतं, ठिणग्या अंगावर पडतात, वरचे काही कोपरे नीट रंगवता येत नाहीत. फायदा एकच, पण मोठा. न कापलेली बाजू मोजमापाला समोर असते आणि खालचा कणाच साच्यासारखा बॉडीचा आकार राखतो.

आम्ही दुसरा निवडला. ज्यांच्या गाडीचे हीटर चॅनल शाबूत आहेत त्यांना मी पहिलाच सुचवेन. आमच्या गाडीला तो परवडण्यासारखा नव्हता.

माझी चूक

तपासणी चालू असतानाच एका संध्याकाळी मी एकटा होतो. सीटा काढल्या, चटया काढल्या, आणि हात लागला म्हणून डॅशबोर्डच्या मागच्या वायरी सोडवल्या. फोटो काढले नाहीत, चिठ्ठ्या लावल्या नाहीत. वायरींचे रंग इतक्या वर्षांनी विटलेले होते, तपकिरी आणि लाल सारखेच दिसत होते. वायरिंगचा नकाशा समोर ठेवून मीटरने एकेक वायर शोधायला आम्हाला चार संध्याकाळी लागल्या. ही गाडी ६ व्होल्टची आहे, वायरी जाड आहेत आणि फ्यूज थोडे. चुकीची जोडणी झाली असती तर फ्यूज उडायच्या आधी वायरच तापली असती.

तेव्हापासून पद्धत ठरली. सोडवण्याआधी लांबून एक आणि जवळून एक फोटो. प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर भागाचं नाव, तारीख आणि वहीतला पान क्रमांक. तुटका बोल्टसुद्धा ठेवायचा, कारण नवा घेताना लांबी आणि आटे त्याच्याशीच ताडून बघायचे असतात. आणि ज्या दिवशी एक गोष्ट खोलली, त्याच दिवशी तिची नोंद पूर्ण करून झोपायचं.

इंजिन, ब्रेक आणि पेट्रोल

इंजिनाला फक्त एवढंच केलं: प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडलं आणि सहा दिवस थांबलो. मग खालच्या पुलीच्या बोल्टला ३० चा पाना लावून हाताने हळूच जोर दिला. पाव फेरा फिरलं. जोर करून पुढे ढकललं नाही. पुन्हा तेल, पुन्हा दोन दिवस, मग पूर्ण फेरा. अशा वेळी स्टार्टर मारू नये. चिकटलेली पिस्टन रिंग हाताला कळते, स्टार्टरला कळत नाही. फिरतंय एवढं समजल्यावर प्लग परत लावले, कार्बोरेटरचं तोंड झाकलं आणि इंजिन तिथेच राहू दिलं.

जाम चाकाच्या ड्रमला ब्रेक शू चिकटलेले होते. मागच्या एक्सलचा नट ३६ चा असतो आणि जवळजवळ ३०० न्यूटन मीटरने आवळलेला असतो. तो गाडी चाकांवर उभी असतानाच सैल करायचा. स्टँडवर चढवलेल्या गाडीला तेवढा झटका देणं धोक्याचं आहे. ॲडजस्टर मागे फिरवून, कडेने थोडं थोडं ठोकत ड्रम दोन दिवसांत सुटला. त्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, म्हणून आतली धूळ फुंकायची नाही की हवेच्या दाबाने उडवायची नाही. ओल्या फडक्याने टिपायची आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं. जुना रंग घासतानाही चांगला मास्क हवाच, कारण त्या रंगात शिसं असू शकतं.

पेट्रोलबद्दल मात्र थोडं थांबून सांगतो, कारण इथे जीव जाऊ शकतो. टाकी पुढच्या बॉनेटखाली असते. आतलं पेट्रोल वार्निशसारखं घट्ट झालं होतं. ते उघड्यावर काढलं आणि टाकी गाडीतून उतरवून कामाच्या जागेपासून लांब ठेवली. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते, कारण तिच्यात वाफ कोंडलेली असते. दुसरी गोष्ट अनेकांना माहीत नसते: बीटलमध्ये पेट्रोलची नळी त्या मधल्या कण्याच्या आतून मागे जाते. कण्याला वेल्डिंग करताना ती बाहेरून दिसतही नाही. आम्ही तिची दोन्ही टोकं सोडवली, आतून हवा मारून ती पूर्ण कोरडी केली आणि मगच वेल्डिंगचं यंत्र गाडीजवळ आणलं. अग्निशामक हाताशी, आणि शेवटचा टाका मारल्यावर अर्धा तास जागेवरून हलायचं नाही, असा ताईचा दंडक होता.

छोट्या भागांची बादली

मोठं काम थांबलेलं असतानाही हात रिकामे नव्हते. बिजागऱ्या, कंस, बंपरचे आधार असे लहान भाग आम्ही विजेच्या मदतीने साफ केले. प्लॅस्टिकच्या टबात पाणी, त्यात दर पाच लिटरला साधारण एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. गंजलेला भाग चार्जरच्या ऋण टोकाला, टाकाऊ साध्या लोखंडाचा तुकडा धन टोकाला, दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. १२ व्होल्टच्या चार्जरवर रात्रभरात गंज काळ्या सैल थरासारखा होतो आणि ब्रशने निघतो. शाबूत धातूला धक्का लागत नाही, हे याचं मोठेपण.

तीन पथ्यं पाळावी लागतात. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नये, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. हायड्रोजन वायू निघतो, म्हणून काम मोकळ्या हवेत, आणि चार्जर बंद करूनच चिमटे काढायचे. ॲल्युमिनियम या पाण्यात टाकू नये, आणि स्प्रिंगसारखे ताणाचे कठीण पोलादी भागही नकोत, कारण हायड्रोजनमुळे ते ठिसूळ होऊ शकतात. साफ झालेला भाग धुऊन लगेच कोरडा केला आणि त्याच दिवशी प्रायमर मारला, तरच उपयोग. उघडं लोखंड एका दमट रात्रीत पुन्हा तांबूस होतं.

पहिली डावी बाजू

चौथ्या महिन्यात कापायला घेतलं. आधी दोन्ही दारांच्या चौकटींत २५ मिलिमीटरच्या चौकोनी नळ्यांचे आडवे आणि तिरके आधार जोडले, आणि एक नळी डाव्या खांबापासून उजव्या खांबापर्यंत. जोडण्याआधी दारांच्या फटी चाकांवर असतानाच्या मापावर आणल्या. आधार चुकीच्या मापावर बसले तर ते चूकच जपून ठेवतात.

क्रमाबद्दल आमचा बराच वाद झाला. चॅनल आधी की तळ आधी? दोन्ही एकदम काढले तर त्या बाजूला धरायला काहीच राहत नाही. शेवटी तळ आधी केला, कारण चॅनल ज्या भोकांत बोल्टांनी बसतो ती भोकं तळाच्या कडेला असतात. बॅटरीची जागा खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन घेतली. फेस येणं थांबेपर्यंत आम्ही ओतत राहिलो. डावा अर्धा भाग कण्यापासून सोडवताना मूळचे स्पॉट वेल्ड (पत्रे जोडणारे ठिपक्यांसारखे टाके) एकेक करून ड्रिलने काढले. गाडीचा चासी नंबर कण्यावर मागच्या सीटखाली कोरलेला असतो. त्या जागेभोवती चिकटपट्टी लावून ग्राइंडर जवळ नेऊच दिला नाही. तो नंबर पुसला गेला तर गाडीची ओळखच जाते.

बीटल १९३८ पासून २००३ पर्यंत बनत राहिली, २ कोटी १० लाखांहून जास्त. म्हणून तिचे दुरुस्तीचे पत्रे आजही नव्याने बनतात. पण नवा पत्रा जसाच्या तसा बसेल ही अपेक्षा ठेवू नये. आमच्या तळाची कड एका टोकाला ४ मिलिमीटर जास्त होती, ती कानसून आणि ठोकून बसवावी लागली. ताईने आधी त्याच जाडीच्या टाकाऊ पत्र्यावर दोन दिवस सराव केला. ०.६ मिलिमीटरची तार, कमी करंट. सलग ओढायचं नाही. इथे एक टाका, मग एकदम दुसऱ्या टोकाला, मग मध्ये, आणि हात लावता येईल इतकं थंड होईपर्यंत थांबायचं. पातळ पत्रा तापला की वळतो आणि मग सरळ होत नाही.

नवा चॅनल आधी तळाला बोल्टांनी कसला, मगच खांबांना जोडला. चॅनल आणि तळाच्या मध्ये रबराची पट्टी येते. ती वेल्डिंगने जळेल, म्हणून तिच्याच जाडीच्या लोखंडी चकत्या ठेवल्या. प्रत्येक चार टाक्यांनंतर दार लावून पाहिलं. एकदा फट ५ वरून ६ झाली, तेव्हा दोन टाके कापून परत बसवले.

वहीत त्या दिवसाची शेवटची नोंद ताईच्या अक्षरात आहे: "डावं दार. चाकांवर ५. मागून उचलून ५. आधार काढून पुन्हा मोजलं, ५." त्याखाली माझी ओळ: "पोकळीत गंजरोधक मेण मारायचं बाकी. उजवीकडचे आधार रविवारी."